ब्रेक पिशवीत होता

पाण्याच्या बिलांच्या ऑफिसात त्याला सगळे ‘होसाहेब’ म्हणत. आईवडिलांनी ठेवलेलं नाव त्यालाही होतं, पण ते आता फक्त पगाराच्या दिवशी उपयोगी पडे. साहेबांनी केबिनमधून काहीही विचारलं की प्रश्न पुरा व्हायच्या आत तो ‘हो साहेब’ म्हणून मोकळा होई. एकदा साहेबांनी ‘हा गाढवपणा तुम्हीच केलात का?’ असं विचारलं होतं, तेव्हाही तो ‘हो साहेब’च म्हणाला होता. (गाढवपणा दुसऱ्याने केला होता. पण साहेबांसमोर ‘नाही’ हा शब्द त्याच्या घशातच अडकायचा.)

तर एका शनिवारी साहेबांनी फायलीतून मान वर न काढता विचारलं, “काय हो, सायकल चालवता का?”

शाळा सुटल्यापासून त्याने सायकलला हात लावला नव्हता.

“हो साहेब.”

“फिक्स्ड गिअर?”

हा खाण्याचा पदार्थ आहे की आजार, हेही त्याला ठाऊक नव्हतं.

“हो साहेब!”

“अरे वा! बोलला नाहीत कधी. मग या की आमच्या रविवारच्या ग्रुपमध्ये. फक्त एक लक्षात ठेवा. ब्रेक लावून येणाऱ्याला मी सायकलवाला समजत नाही.”

एवढ्याशा बोलण्यात त्याचा घात झाला. कारण सेक्शन प्रमुखाची खुर्ची लवकरच रिकामी होणार होती आणि त्या खुर्चीसाठी नाव वर कळवणार होते साहेब. उमेदवार दोन. एक होसाहेब आणि दुसरा शेजारच्या टेबलावरचा शिंकऱ्या. शिंकऱ्याला धुळीचं वावडं होतं. मोकळ्या हवेत नेलं की तो शिंकून शिंकून अर्धा होई. म्हणजे रविवारी रस्त्यावर शिंकऱ्या येणार नव्हता. होसाहेबाला देव पावल्यासारखं वाटलं.

त्याच संध्याकाळी ऑफिसच्या सायकल स्टँडवर तो गुडघे टेकून बसला आणि साहेबांच्या सायकलचे दात मोजले. मग थेट दुकान गाठलं. दुकानदार दाढीवाला होता आणि सायकलबद्दल बोलताना आवाज देवळात असल्यासारखा खाली आणायचा.

“फिक्स्ड म्हणजे मागची चक्री चाकाला घट्ट आवळलेली,” दाढीवाला म्हणाला. “चाक फिरलं की पेडल फिरणार. मध्ये सुट्टी नाही.”

“मग उतारावर पाय थांबवायचे असले तर?”

“थांबवायचे नाहीत.”

“आणि सायकल थांबवायची असली तर?”

“पाय पट्ट्यांत अडकवायचे आणि पेडल उलटं रेटायचं.”

“आणि नाही रेटलं गेलं तर?”

दाढीवाल्याने दाढी खाजवली. “म्हणून पुढे एक ब्रेक बसवून घ्यावा. फ्रेमला भोक दिलेलं आहे. बसवू?”

“नको, नको! साहेबांना आवडत नाही.”

दाढीवाल्याने ‘कोण साहेब’ असं विचारलं नाही. गिऱ्हाइकाच्या डोक्यात कोण बसलंय याची चौकशी करत बसलं तर धंदा होत नाही. त्याने पुढचा प्रश्न टाकला. “पुढची चकती किती दातांची देऊ?”

“साहेबांची अठ्ठेचाळीस दातांची आहे.”

“मग अठ्ठेचाळीस?”

“छे! बरोबरी कशी करायची? सत्तेचाळीस द्या.”

“त्यापेक्षा बेचाळीस घ्या. या वयात गुडघ्यांना सोपं जाईल.”

“बेचाळीस फारच कमी होतात हो. साहेबांना वाटेल, मी मागे पडतोय. एकच दात कमी द्या. मान ठेवल्यासारखं दिसेल.”

याच हिशोबाने बाकीचे भाग ठरले. साहेबांचं हँडल खाली वळलेलं, म्हणून याचंही खाली वळलेलं, पण जरासं कमी. साहेबांची सीट अरुंद, म्हणून याचीही अरुंद, पण जराशी स्वस्त. त्या सीटवर बसलं की आपल्याला किती हाडं आहेत ते कळे. एकच गोष्ट त्याला जुळवता आली नाही. साहेबांच्या मागच्या चाकापाशी, डाव्या अंगाला, काळ्या टेपने गुंडाळलेली एक पट्टी होती.

“तशी पट्टी मलाही हवी,” तो म्हणाला.

“फिक्स्डला पट्टी? कशाला?” दाढीवाला बुचकळ्यात पडला.

“मजबुतीला असेल. त्यांची बाहेरून मागवलेली आहे,” होसाहेब म्हणाला आणि आपल्या सायकलला पट्टी नसणं हेच आपल्या पायरीला शोभतं असं म्हणून त्याने विषय मिटवला.

घरी आला तो जिन्यातूनच ओरडत.

“अगं, फिक्स! एकदम फिक्स!”

बायको ओले हात पदराला पुसत दारात आली. “खरंच? ऑर्डर निघाली?”

“दिलीसुद्धा!”

“साहेबांनी?”

“साहेब कशाला देतील? मीच दिली.”

“तुमची ऑर्डर तुम्हीच दिलीत?”

“मग! काळा रंग सांगितलाय. घरपोच येणार आहे.”

बायकोचा चेहरा हळूहळू उतरला. तेवढ्या वेळात तिने मनातल्या मनात नव्या पगारातून कपडे धुवायचं मशीन आणून, ते बाथरूमच्या दाराआड बसवून, त्यात पहिला घाणासुद्धा लावला होता.

“कशाला रंग असतो हो ऑर्डरला?” तिने विचारलं.

मग त्याने सगळं सांगितलं. ती ऐकत होती आणि ऐकता ऐकता तिचा पाय फरशीवर दाबला जात होता. बायको ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवायची. शिकणाऱ्याच्या शेजारी ती बसे आणि तिच्या पायाखाली तिचा स्वतःचा वेगळा ब्रेक असे. त्या ब्रेकमुळे ती आजवर जिवंत होती, त्यामुळे घरीसुद्धा नवरा बोलायला लागला की तिचा पाय आपोआप खाली जाई. (फरशी मात्र दाद देत नसे. तो बोलतच राही.)

“ज्याला ब्रेक नाही ते माझ्या घरात येणार नाही,” ती म्हणाली.

“अगं, ती पायाने थांबते.”

“माझ्याकडे पहिल्या दिवशी येणारा प्रत्येक जण असंच म्हणतो. दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून त्याचा भाऊ फोन करतो.”

सायकल आल्यावर ती स्वतः दुकानात घेऊन गेली आणि दाढीवाल्यासमोर उभी राहिली. पुढच्या चाकाला ब्रेक. रबर नवं, कडक. लिव्हर उजव्या हाताला. लिव्हर दाबून, सायकल ढकलून, पुन्हा दाबून तिने तपासली. दाढीवाल्याचा आवाज तिच्यासमोर देवळातल्यापेक्षाही खाली गेला होता.

होसाहेब बायकोला म्हणाला, “तुझंच खरं. ब्रेक असलेला बरा.”

आणि दुसऱ्या दिवशी त्याने एक पाना विकत घेतला.

सराव त्याने बंद पडलेल्या भाजी मंडईच्या आवारात केला. पहिल्यांदा वेग आल्यावर सवयीने पाय थांबवले. सायकल थांबली नाही. उलट पेडलंच त्याला उचलून पुढे टाकायला निघाली, जणू उशिरा उठलेल्या माणसाला कुणी पांघरुणासकट ओढून काढावं. गुडघा फुटला. कोपर सोललं. बायकोने हळद न लावता फक्त विचारलं, “ब्रेक दाबलात का?” आणि तो म्हणाला, “दाबला म्हणून तर एवढ्यावर निभावलं.” हेही खोटंच होतं. घाबरल्यावर आपल्याला हात आहेत हेच तो विसरला होता.

रविवार सुरू झाले. घरातून निघताना सायकलला ब्रेक असे, कारण बायको बाल्कनीतून बघत असे. मग पाण्याच्या टाकीच्या भिंतीआड तो थांबे, पाना काढे, ब्रेक उतरवून खांद्यावरच्या कापडी पिशवीत टाके आणि साहेबांसमोर मोकळ्या हँडलने हजर होई. परतताना त्याच भिंतीआड ब्रेक पुन्हा चढे. टाकीचा वॉचमन त्याला चोर समजत असे. पण हा चोर दर रविवारी स्वतःच्याच सायकलचा भाग काढतो आणि परत लावतो, तेव्हा तक्रार नक्की कशाची करायची, हे त्याला सुचत नव्हतं.

“वा! स्वच्छ हँडल,” साहेब म्हणत. “ब्रेक म्हणजे काय माहितीये? मनाचा दुबळेपणा.”

“हो साहेब.”

“पाय आणि चाक यांच्यात काही लपवाछपवी नको.”

“हो साहेब.”

साहेब थांबत तेही कसे देखणे! चौकात आले की पाय किंचित मागे दाबत आणि सायकल लोण्यासारखी थांबे. होसाहेब मात्र मांड्यांचं पीठ पाडून, दात खाऊन, तरीही साहेबांच्या दोन हात पुढे जाऊन थांबे आणि माफी मागे. उतार आला की साहेब म्हणत, “तुम्ही सगळे व्हा पुढे. मी मागून लक्ष ठेवतो.” केवढा मोठेपणा, असं वाटून होसाहेबाला उतारावर भरून येई. डोळे पुसायला मात्र सवड नसे, कारण खाली पाय शिवणयंत्रासारखे फिरत असत.

अशा एका रविवारी घरी आल्यावर बायकोने सायकलकडे नुसतं बघितलं.

“हा ब्रेक सकाळी उजव्या हाताला होता.”

“असेल.”

“आता डाव्या हाताला आहे. तुम्ही रस्त्यावरून फिरून आलात की आरशातून?”

त्याने दोनचार थापा मारून पाहिल्या. तिने एकेक ऐकून घेतली. मग ती समोर स्टुलावर बसली. आवाज तिने चढवला नाही, त्यामुळे त्याला जास्त भीती वाटली.

“त्या माणसाच्या बॅगा उचलल्यात. त्याच्या मुलाच्या लग्नात दोन दिवस पंगतीत वाढलंत, आपल्या भाचीच्या लग्नाला दोन तास आलात. मी कधी काही बोलले? एक ब्रेक लावा म्हटलं फक्त.”

“अगं, मी तुला नाही कुठे म्हटलं?”

“तेच तर. नाही म्हटलं असतंत तर भांडले असते. तुम्ही हो म्हणालात आणि पिशवीत टाकलात. साहेबांना निदान खरं ‘हो’ मिळतं. मला खोटं.”

तो म्हणाला, “पुढच्या रविवारी ब्रेक लावूनच जातो. शप्पथ.” तिचा पाय फरशीवर होता, पण या वेळी तिने दाबायचेही कष्ट घेतले नाहीत. उठून ती स्वयंपाकघरात गेली आणि आठवडाभर त्यांच्यात ‘भाजी संपली’ आणि ‘गॅस बंद केला का’ एवढंच बोलणं झालं.

नेमका पुढच्याच रविवारी मुख्य ऑफिसच्या मोठ्या बाई आल्या. नावांवर शेवटची सही त्यांचीच. तपासणीसाठी गावात होत्या, साहेबांनी त्यांना सायकलवर यायचं आमंत्रण दिलं, आणि त्या कुणाची तरी पुढे टोपली असलेली साधी सायकल मागून घेऊन आल्या. होसाहेब टाकीच्या भिंतीआड पाना हातात घेऊन बराच वेळ उभा राहिला. बायकोचा चेहरा त्याच्या डोळ्यांसमोर आला. मग बाईंचा आला. मग खुर्चीचा.

ब्रेक पिशवीत गेला.

मोठ्या बाई पुढे, म्हणून साहेबही पुढे. त्यांच्या मागे होसाहेब आणि त्याच्या मागे ऑफिसातले बाकीचे. कालव्याच्या पुलाकडे उतार लागला तरी साहेबांना या वेळी मागे राहता येईना, कारण बाई बोलत होत्या. साहेब मान वळवून ऐकत होते, हसत होते, आणि हसण्याच्या भरात त्यांनी पाय थांबवले. पेडलं स्थिर. चाक मात्र भरधाव.

होसाहेबाने ते पाहिलं. साहेबांची चक्री सुटली! आता साहेब मोठ्या बाईंसमोर तोंडावर आपटणार! इतक्या वर्षांत पहिल्यांदा साहेबांचा जीव वाचवायची संधी आली होती.

“साहेब! थांबा! तुमची सायकल मोडलीये! पाय थांबलेत आणि चाक फिरतंय!”

साहेबांनी दचकून उलटं पेडल दाबलं आणि त्यांची सायकल जागच्या जागी थबकली. होसाहेबाने ओरडण्यासाठी जीव एकवटला होता, त्या भरात त्याचेही पाय थांबले. पेडलांनी त्याला सीटवरून उचललं. या वेळी मात्र हात शहाणे निघाले. दोन्ही हात ब्रेक दाबायला धावले.

ब्रेक होता. पिशवीत होता.

तो साहेबांवर आदळला आणि साहेब, तो, दोन्ही सायकली आणि पिशवी अशी सगळी मंडळी कडेच्या काटेरी झुडपात शिरली. मोठ्या बाईंनी शांतपणे दोन्ही हातांनी दोन्ही ब्रेक दाबले, सायकल स्टँडवर लावली आणि विचारलं, “लागलं का हो?”

होसाहेबाचा डावा हात वर होत नव्हता. पण त्याचं तिकडे लक्ष कुठे होतं? त्याने उजव्या हाताने साहेबांची सायकल उलटी केली.

“बघा बाई, तरी मी ओरडत होतो! हे पेडल मी धरलंय, आणि हे चाक, बघा, फिरतंच आहे. मोडलंय ना? आणि आता उलटं फिरवतो...” त्याने फिरवलं. “अरेच्चा! हे तर गच्च थांबलं!”

“मोडलं नाहीये ते,” मोठ्या बाई वाकून म्हणाल्या. टेप सुटली होती आणि खालची लोखंडी पट्टी उघडी पडली होती. “लहानपणी माझ्याकडे अशीच होती. ब्रेक आतच असतो, चाकाच्या पोटात; ही पट्टी त्याचीच. उलटं पेडल मारलं की लागतो. लहान मुलांना फार सोपी.”

मागचे सगळे येऊन गोळा झाले होते. कुणीतरी खोकलं. खोकला नव्हता तो.

इथे जरी होसाहेब गप्प बसला असता तरी काही उरलं असतं. पण साहेबांची बाजू घ्यायची त्याची सवय हाडात मुरलेली होती, मोडलेल्या हाडातसुद्धा.

“छे, छे, बाई! साहेब बिनब्रेकचीच चालवतात. ब्रेक म्हणजे मनाचा दुबळेपणा, असं साहेब आम्हाला दर रविवारी सांगतात. दुकानदाराने फसवलंय त्यांना. साहेब, पावती जपून ठेवलीये ना?”

साहेबांच्या कपाळात काटा रुतला होता. त्यांनी तो उपटला, त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “हो.”

होसाहेबाच्या खांद्याजवळचं हाड मोडलं होतं. बायको दवाखान्यात आली ती ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीतून, एका शिकाऊ बाईंना तशीच चालवायला लावून. ती आत येताच ऑफिसातल्या कुणीतरी आदराने कापडी पिशवी पुढे केली. “वहिनी, ही त्यांची. झुडपात राहिली होती.” तिने पिशवीत हात घातला. हाताला काय लागलं ते बघायची तिला गरज पडली नाही. घरी येईपर्यंत ती फक्त शिकाऊ बाईंशी बोलली. “आरसा बघा. सावकाश. हं, आता दाबा. शाब्बास.” त्या बाईंचा त्याला अतोनात हेवा वाटला.

हाड सांधायच्या आत ऑर्डर निघाली. खुर्ची शिंकऱ्याला मिळाली. त्याच्याबद्दल साहेबांचं मत एकदम चांगलं झालं होतं, कारण तो एकटाच त्या रविवारी घरी बसून शिंकत होता. होसाहेबासाठी वेगळा कागद होता. ‘यंत्रातील दोष चटकन ओळखण्याची आपली हातोटी लक्षात घेता, नादुरुस्त मीटरच्या गोदामाचा कार्यभार आपणाकडे सोपविण्यात येत आहे.’ गोदाम जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, जिथे बसही वाट चुकल्यासारखी एखादीच जाते.

“तू येशील ना?” त्याने बायकोला विचारलं.

“माझी नोकरी इथे आहे.”

“मग मी एकटा तिकडे काय करू?”

“जायलाच हवं असं कुठे आहे? जा साहेबांकडे. एकदा, फक्त एकदा, नाही म्हणून या.” आणि मग जरा थांबून ती म्हणाली, “माझ्यासाठी.”

ते ‘माझ्यासाठी’ त्याला लागलं. तो रात्रभर मनात घोकत राहिला. सकाळी केबिनच्या दारात उभा राहिला तेव्हा शब्द ओठांवर तयार होता. हात गळ्यात अडकवलेला होता, पण छाती पुढे होती.

साहेबांनी फायलीतून मान वर काढली नाही. “हां, तुम्ही. गोदामावर जायला तुम्हाला काही हरकत तर नाही ना?”

“नाही साहेब!” होसाहेब गरजला.

“छान. मग उद्याच कागद पूर्ण करा.”

बाहेर आल्यावर, आपण नक्की काय बोललो हे कळायला त्याला जिना पूर्ण उतरावा लागला.

बायकोला सांगितलं तेव्हा ती रागावली नाही. हसलीही नाही. “म्हणालात ना शेवटी,” एवढंच बोलली आणि त्याचे शर्ट घड्या करायला घेतले. घड्या मात्र तिने नेहमीपेक्षा फार नीट घातल्या, हे त्याने पाहिलं आणि तोंड फिरवलं.

निघायच्या दिवशी तो बॅग घेऊन खाली उतरला तर बायको त्याच्या सायकलपाशी उभी. सायकल ओळखू येईना. पुढे ब्रेक, मागे ब्रेक. मागचं चाक बदलून साधं बसवलेलं. हँडल सरळ, सीट रुंद, आणि मागे भक्कम कॅरिअर.

“ड्रायव्हिंग स्कूलला जायला मला बरी पडेल,” ती म्हणाली. “बसा मागे. बस स्टँडवर सोडते.”

तो कॅरिअरवर बसला, एका बाजूला पाय सोडून, मांडीवर बॅग घेऊन. सायकल हलली. पानवाल्याने पाहिलं, इस्त्रीवाल्याने पाहिलं. पण बायको चालवत होती फार सुरेख. उतारावर तिने पाय थांबवले, चाक नुसतं सरसरत राहिलं, वळणावर तिने दोन बोटांनी ब्रेक दाबला आणि सायकल शहाण्या मुलासारखी ऐकू लागली. वारा लागत होता. त्याला वाटलं, आत्ता काहीतरी बोलावं. इतक्या वर्षांचं.

“अगं, ऐक ना,” त्याने तिच्या पाठीमागून हळूच म्हटलं. “मी विचार करत होतो...”

सायकल थांबली. पुढे स्टँडचा चढ सुरू होत होता.

“एक मिनिट,” बायको धापा टाकत म्हणाली. “ती बॅग राहू द्या कॅरिअरवर. तुम्ही उतरा.”